कुंचीची पेटी

उज्वलाच्या तोंडात खिळे होते, हातात हातोडी होती, आणि नेमकं तेव्हाच गिऱ्हाईक आलं.

"हे असलं काही मढवून मिळतं का इथं?"

खिळे तोंडात धरून बोलता येत नाही, म्हणून तिनं नुसती मान हलवली. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि गंभीरपणे विचारलं, "बाई बोलत नाहीत, का दुकानच बोलत नाही?"

तिला हसू फुटलं. खिळे पटापट टेबलावर पडले.

लातूरच्या गंजगोलाईजवळचं हे जिलानीचाचांचं फ्रेमचं दुकान. भूकंपानंतर इथं रात्रंदिवस गेलेल्या माणसांचे फोटो मढवले जात. लग्नाच्या घोळक्यातून एखादा चेहरा कापून मोठा केलेला असायचा, बाजूला दुसऱ्याच कुणाच्या खांद्याची कोर दिसायची. पुढं दिवस पालटले. गल्लोगल्ली क्लास निघाले, आणि बोर्डात आलेल्या पोरांचे फोटो येऊ लागले. चौकटीची लाकडी पटरी तीच, काचही तीच. हार गेले आणि पेढे आले, एवढंच. चाचांची नजर अधू झाल्यापासून बारीक काम उज्वलाच करायची.

त्या तरुणानं वर्तमानपत्राची पुडी सोडली. आत लाल खणाची कुंची होती. तान्ह्या बाळाच्या डोक्यावरून पाठीवर सोडतात तसली. कडेला पिवळा गोट, गळ्याशी बंद, टोकाला लोकरीचा गोंडा. सोबत मलमलीचं एक झबलं, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं.

उज्वलाचा हात आपोआप हळू झाला. "किती जपलंय हो... बाळ केवढं झालं आता?"

"एकोणतीस वर्षांचं."

तिनं वर पाहिलं. तो लाजला होता. "माझीच आहे. आजीच्या चोळीच्या खणाची. घर पडलं, पण पत्र्याची पेटी निघाली. चेपली होती, आत हे होतं."

"गाव?"

त्यानं नाव सांगितलं. तिच्या गावापासून दोन कोसांवरचं. पुढं दोघांनीही काही विचारलं नाही. त्या भागातली माणसं एकमेकांना त्यापुढं विचारत नसत.

त्याचं नाव सिद्धराम. एका क्लासमध्ये गणित शिकवायचा. "आठ दिवसांनी या," असं उज्वला म्हणाली, आणि सर दुसऱ्याच दिवशी हजर.

"मखमल कुठल्या रंगाची लावताय, ते बघायला आलो."

त्याच्या पुढच्या दिवशी काच बघायला. मग पटरी बघायला. जिलानीचाचा चष्म्यावरून बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, "सर, फ्रेम काय पळून चालली काय? रोज हजेरी लावून राहिले!"

"तसं नाही चाचा... आईची वस्तू आहे."

"हाव. वस्तूच बघून राहिले तुम्ही. दिसतंय मला, नजर अधू असली तरी."

उज्वला मान खाली घालून काम करत होती. कान मात्र लालबुंद. झबल्याच्या आत तिनं पातळ कापूस भरला, म्हणजे ते सपाट पडू नये, आत कुणी नुकतंच श्वास घेतंय असं वाटावं. कुंची वर किंचित झुकवली. डिंक लावायचाच नाही, शिवणीवर शिवणीच्याच रंगाचा दोरा. काच कापडाला टेकू नये म्हणून आतून पट्ट्या; फ्रेम कसली, काचेची उथळ पेटीच ती. समोर बाकड्यावर बसून तो रसवंतीतून आणलेला रस पीत पाहत राही. तिच्यासाठी आणलेला पेला तसाच बाजूला ठेवलेला असे, बर्फ विरघळून जाईपर्यंत.

"रस गार आहे तोवर घ्या की."

"हात चिकट झाले तर तुमच्या कुंचीला लागंल."

"लागू द्या..." तो म्हणाला, आणि स्वतःच गडबडला.

एक दिवस तिनं विचारलंच. "कुंची ही. घरात पुढचं लेकरू आलं की त्याला घालायची असते. भिंतीवर कशाला लावताय?"

तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "मी लग्नाला नाही म्हणतोय ना. परवा आईनं त्या पत्र्याच्या पेटीतनं काढून माझ्या अंगावर फेकली. म्हणाली, तुला लेकरंबाळं नकोत तर ही भिंतीला टांग जा, रोज बघ अन् लाज."

"आणि तुम्ही खरंच घेऊन आलात!"

"राग आला होता."

"नाही का म्हणताय पण?" विचारून तिनं जीभ चावली.

त्यानं हातातला पेला फिरवला. "मला छताखाली झोप येत नाही. इतकी वर्षं झाली... अजून अंगणात झोपतो. पाऊस आला की पत्र्याखाली बसून उजाडायची वाट बघतो. असल्या माणसानं संसार मांडायचा कुठं? कुणा मुलीला सांगायचं, की बाई, घर आहे पण मी बाहेर?"

उज्वला सुईत दोरा ओवायला गेली, तर दोरा सुईत जाईचना.

"जूनमध्ये नांदेडला चाललोय," तो म्हणाला. "तिथं नवा क्लास निघतोय. जायच्या आधी ही काचेची पेटी मिळेल ना?"

"मिळंल."

त्यानंतर तो आला नाही. बहुधा बोलल्याचा संकोच वाटला असावा. पेटी तयार झाली, मागचा पुठ्ठा बसवायचा तेवढा राहिला. दुकानाची रीत अशी, की मागून खिळे ठोकायचे आणि वरून खाकी कागद चिकटवायचा. एकदा बंद केलं की बंद. उज्वलानं खिळा धरला, हातोडी उचलली... आणि खाली ठेवली. हा खिळा ठोकला की कुंची कायमची भिंतीची झाली, आणि माणूस नांदेडचा.

चाचांच्या डब्यातून तिनं दोन छोट्या बिजागऱ्या आणि एक पितळी कडी काढली.

"हे काय बेटी? फ्रेमला कडी?"

"कापड हाय चाचा. कधीमधी हवा लागली पाहिजे."

"हवा कुणाला लागली ते दिसून राहिलं," चाचा पुटपुटले आणि चहा सांगायला बाहेर गेले. चांगले लांबच्या टपरीवर गेले.

सिद्धराम आला तो निघायच्या आदल्या दिवशी. काचेआडची लाल कुंची त्यानं डोळे भरून बघितली. मग त्यानं पेटी उलटी केली, आणि बोट कडीवर थांबलं.

"ही... उघडते?"

"हाव."

"इतर फ्रेमा तर खिळे मारून बंद करता."

"त्या फोटोंच्या असतात." उज्वलानं टेबलावरचा नसलेला कचरा झटकला. "ही कुंची हाय. उद्या... कुणाला लागली तर?"

बाहेर रसवंतीचे घुंगरू वाजत होते. तो कडीशी चाळा करत राहिला. तिला वाटलं, आता पेटी उचलेल आणि जाईल. सांगितलं नाही तर राहूनच जाईल.

"आम्ही बी अजून अंगणातच झोपतो," ती एका दमात म्हणाली. "मी न् आई. पाऊस आला की दोघी जाग्या."

त्यानं कडी एकदा उघडली, एकदा लावली.

"मग नांदेडला... गच्ची असलेली खोली बघावी लागेल."

"बघा की."

"आईला सांगू का? पेटी उघडते म्हणून?"

"सांगा." आता तिला हसू आवरेना. "पण टाके मीच उसवणार. दुसऱ्यानं ओढले तर खण फाटतो."

"म्हणजे तुम्हाला यावंच लागेल?"

"आता काय इलाज!"

त्या दिवशी त्यानं आणलेला रस तिनं बाजूला न ठेवता गार असतानाच प्यायला.

दिवाळीनंतर लग्न झालं. नांदेडला गोदावरीच्या अंगाला त्यांनी खोली घेतली, घरमालकाला नळाचं नंतर विचारलं, गच्चीचं आधी. उन्हाळ्यात दोन बिछाने गच्चीवर पडत. पावसात दोघं आत पत्ते खेळत बसत, आणि खेळता खेळता एका रात्री कधी डोळा लागला, ते दोघांनाही सकाळीच कळलं. छत डोक्यावर होतं तसंच होतं.

पेटी बैठकीत टांगलेली असे. एका वर्षी मात्र येणारेजाणारे बुचकळ्यात पडू लागले. भिंतीवर काच, काचेआड मखमल, आणि मखमलीवर काहीच नाही.

"केवळाबाई, हे रिकामं काय टांगलंय?" एक शेजारीण विचारती झाली.

सिद्धरामची आई मांडीवरचं गाठोडं थोपटत होती. गाठोड्यातून लाल खण आणि लोकरीचा गोंडा तेवढा बाहेर डोकावत होता.

"रिकामं कशानं?" ती म्हणाली. "कुंची कामाला गेलीया."