डाव्या बाजूचा उजेड

पटलं तर बघा. कुणाला पटवायला मी बसलेली नाही.

पण हे जिच्या बाबतीत घडलं ती माझी सख्खी मामी आहे, आणि साधा ताप आला तरी थर्मामीटर दोनदा बघितल्याशिवाय 'ताप आहे' न म्हणणारी बाई आहे ती.

नोव्हेंबरचा दुसरा रविवार. संध्याकाळचे पाच वाजून दहा मिनिटं. गावाबाहेरचं तळं.

वेळ इतकी नेमकी माहीत आहे, कारण ती एका फोटोवर आहे.

मामी फोटो काढते. लग्नाबिग्नाचे नाहीत. तिला बंद खोली आवडत नाही, म्हणून माणसांना बाहेर नेते. कुणाचं कुटुंब, कुणी मित्रमैत्रिणी, कुणाला नोकरीच्या अर्जासाठी बरासा चेहरा हवा असतो. तळ्याचा बांध, त्यापलीकडचं गवत आणि मावळतीचं ऊन, हाच तिचा स्टुडिओ.

आणि मामा तिचा रिफ्लेक्टर धरायचा.

रिफ्लेक्टर म्हणजे चंदेरी कापडाची मोठी गोल चकती. ऊन पाठीमागून आलं की समोरचा चेहरा काळा पडतो. मग कुणीतरी बाजूला उभं राहून चकतीवर ऊन झेलायचं आणि अलगद त्या चेहऱ्यावर सोडायचं. मामा आठवडाभर विमा कचेरीत कागद हलवायचा आणि रविवारी चकती. लोक त्याला 'चकतीवाले' म्हणायचे. अबोल माणूस. मामीच्या डाव्या हाताला उभा राहायचा आणि अख्ख्या संध्याकाळीत एकच वाक्य बोलायचा, "हनुवटी जरा वर."

सत्तेचाळिसाव्या वर्षी कचेरीच्या जिन्यात बसला, तो उठलाच नाही.

मामीने ती चकती मिटून कपाटावर टाकली. पुन्हा खाली काढली नाही.

पण तळ्यावर जायची. एकटी. दर रविवारी.

ट्रायपॉडवर कॅमेरा लावायचा, दहा सेकंदांचा टायमर द्यायचा आणि स्वतःच जाऊन गवतात उभं राहायचं. ऊन पाठीशी घेऊन. मामा जिथे उभा राहायचा, त्या बाजूला तोंड करून.

एकदा तरी येतील. एवढंच तिच्या मनात.

चौदा महिने गेली ती. प्रत्येक फोटोत तिचा चेहरा काळाच.

हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. फक्त ढमीला.

ढमी ही मामीची कॉलेजपासूनची मैत्रीण. आता काडीसारखी झालीये, पण नाव चिकटलं ते चिकटलं. गाण्याचे क्लास घेते, एकटी राहते. मामा गेला तेव्हा महिनाभर मामीच्या घरी येऊन राहिली होती. मामीच्या तोंडात घास घातला तो हिने. मामी म्हणायची, बहीण असती तरी तिने एवढं केलं नसतं.

त्या रविवारी ढमी म्हणाली, "अगं, क्लासच्या बोर्डासाठी एक फोटो हवाय. तळ्यावर काढशील? पण संध्याकाळीच हं."

मामीला बरंच वाटलं. तेवढीच सोबत.

दोघी तळ्यावर पोचल्या. आसपास कुणी माणूस नव्हता. ढमी गवतात उभी राहिली, सूर्य तिच्या पाठीशी. चेहरा अर्थातच काळा. मामीने दोन फोटो काढले, नाक मुरडलं, आणि पिशवीतून फ्लॅश काढायला वाकली.

तेवढ्यात...

फटाक्.

मिटलेला रिफ्लेक्टर सोडला की त्याची तार सुटते, तिचा आवाज. मामीने तो आवाज वीस वर्षं ऐकलाय.

तिने मान वर केली.

ढमीच्या चेहऱ्यावर उजेड होता.

डावीकडून आलेला. मऊ, सोनेरी. कपाळावरून हळूहळू खाली उतरला, नाकाजवळ जरा थांबला, मग गालावर नीट बसला. मामा बसवायचा तसा.

मामीने डावीकडे पाहिलं.

गवत. बांध. पाणी. बस.

गाडी नाही, काच नाही, माणूस नाही. उजेड होता, पण धरणाऱ्याची सावली कुठेच नव्हती.

वारा तर मुळीच नव्हता, तरी कापडाची बारीक फडफड ऐकू येत होती.

मामीने कॅमेरा डोळ्याला लावला. का, ते तिलाही सांगता येत नाही. हात आपोआप गेला म्हणते. एक फोटो. दुसरा. तिसरा.

आणि मग ढमीने...

हनुवटी जरा वर केली.

मामी तर एक अक्षरही बोलली नव्हती.

"ढमे, डावीकडे काय बघतेयस?"

"कुठे? काही नाही."

"लेन्सकडे बघ."

ढमीने लेन्सकडे पाहिलं. पण हसू मावळलं नाही. ते हसू लेन्ससाठी नव्हतंच.

मामीने कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मोठा केला. माणसाच्या डोळ्यात समोरचं सगळं उमटतं, हे फोटो काढणाऱ्याला ठाऊक असतं. आकाश उमटतं, कॅमेरावाला उमटतो. तिने ढमीचा डोळा मोठा केला. अजून मोठा...

काळ्या बुबुळात पांढरी गोल चकती.

आणि चकतीच्या मागे दोन पाय. एक खांदा. एका बाजूला कललेली मान.

मामी घाबरली नाही, हे तिने मला तीनदा सांगितलं. तिला आधी आनंदच झाला. आले! एकदाचे आले!

धावतच ती ढमीजवळ गेली आणि कॅमेरा तिच्यापुढे धरला. "बघ! बघ ना गं, हे..."

ढमीने पाहिलं.

किंचाळायला हवं होतं तिने. निदान दचकायला तरी.

ती नुसती श्वास सोडून म्हणाली, "म्हणजे कॅमेऱ्यात येतो तर."

मामीला क्षणभर कळलंच नाही की तिच्या काळजात काय खटकलं. मग कळलं.

येतो.

वीस वर्षं ढमी मामाला 'भाऊजी' म्हणत आली होती. भाऊजी आले, भाऊजी बसा, भाऊजी चहा घ्या. मामी स्वतः त्याला कधी 'अरे' म्हणाली नव्हती.

"येतो म्हणजे?" मामीने विचारलं. "कधीपासून?"

ढमीने खाली पाहिलं. "तिसऱ्या आठवड्यापासून. मी तुझ्याकडे राहत होते ना, तेव्हापासून. सकाळी गायला बसले की तोंडावर उजेड यायचा. मग माझ्या घरीही यायला लागला. माझी खोली अंधारी आहे, तुला माहितीये."

"रोज?"

"रोज नाही." मग जरा थांबून, "बहुतेक रोज."

"आणि तू मला बोलली नाहीस."

"मला वाटलं, तुझ्याकडेही येत असेल. तुझ्याकडे तर आधी येत असेल."

"मी तळ्यावर चौदा महिने उभी राहतेय, हे तुला ठाऊक होतं. तुला एकटीलाच ठाऊक होतं, ढमे."

ढमीने पुन्हा डावीकडे पाहिलं.

"क्लासच्या बोर्डासाठी फोटो हवाय म्हणालीस."

ढमी अगदी बारीक आवाजात म्हणाली, "माझ्या मोबाइलमध्ये येत नाही तो. म्हटलं, तुझ्या कॅमेऱ्यात येईल."

मामी मला म्हणाली, "त्या वेळी कुणी मला तळ्यात ढकललं असतं ना, तरी मी हातपाय मारले नसते."

तिने शेवटी विचारलंच. "हे जिवंत असताना काही होतं तुमच्यात?"

"काही नव्हतं! तुझ्या गळ्याची शपथ. या, बसा, पाणी घ्या, यापलीकडे शब्द नाही."

मामीचा त्यावर विश्वास बसला. आणि तेच तिला जास्त लागलं.

"काही असतं तर बरं होतं गं," ती मला म्हणाली. "भांडले असते, झिंज्या उपटल्या असत्या, मोकळी झाले असते. जिवंतपणी माणूस चुकतो. पण मेल्यावर सगळं सुटलं, सगळ्या वाटा मोकळ्या झाल्या, आणि मग हे तिच्याकडे गेले. कुणी भरीस घातलं होतं त्यांना?"

उजेड अजून ढमीच्या चेहऱ्यावर होता. फडफड चालू होती.

"विचार त्यांना," मामी म्हणाली.

"काय?"

"माझ्याकडे का येत नाहीत ते विचार."

"तूच विचार ना."

"माझं ऐकतात कुठे? चौदा महिने हाका मारतेय मी."

ढमीने डावीकडे तोंड केलं. ओठ हलले. "ती विचारतेय..." एवढंच ऐकू आलं.

फडफड थांबली.

तळ्यावरच्या बदकांचा आवाजही थांबला. मामीला तेव्हा जाणवलं की आत्तापर्यंत तो येत होता.

मग उजेड हलला...

ढमीच्या गालावरून खांद्यावर. खांद्यावरून हातावर. हातावरून खाली गवतात. परातीएवढा गोल कवडसा, गवतावरून सरकत मामीकडे यायला लागला.

हळूहळू. वाट काढत यावं तसा.

मामीने कॅमेरा खाली ठेवला. केस सारखे केले. हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

कवडसा आला. अजून जवळ आला.

मामीच्या चपलेपासून वीतभर अंतरावर थांबला.

थोडा थरथरला. फार वेळ धरून हात भरून आले की मामाची चकती थरथरायची, तसा.

मामी म्हणाली, "अहो..."

फटाक्.

चकती मिटल्याचा आवाज.

गवतात काही नव्हतं. सूर्य अजून डोंगराच्या हातभर वर होता, उन्हाला काही झालं नव्हतं. फक्त तेवढा उजेड गेला होता.

ढमी रडायला लागली. मामीने तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. सामान गोळा केलं, गाडी चालू केली आणि ढमीला तिथेच सोडून निघून आली. ती चार किलोमीटर अंधारात चालत घरी गेली असणार. मामीने चौकशी केली नाही.

त्या दिवशीचे फोटो तिने पुसले. एक सोडून. तो पुसवेना.

मी तो पाहिलाय. मोठा करून पाहिलाय. आणि मामाला मी लहानपणापासून ओळखते. यापुढे मी काही लिहीत नाही.

सहा महिन्यांनी ढमी गाव सोडून गेली. दोघींचं बोलणं तुटलं ते तुटलं. मामी पुन्हा कामाला लागली, लोकांना घेऊन तळ्यावर जाऊ लागली. रविवारी एकटीने उभं राहणं मात्र बंद.

इथे हे संपलं असतं तर मी लिहायला बसले नसते.

गेल्या महिन्यात ढमीचा फोन आला. भर दुपारी. मी मामीकडेच होते. मामीने नाव पाहिलं, बराच वेळ फोन वाजू दिला, मग उचलला.

पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"रागाव, पण ठेवू नकोस," ढमी म्हणाली. "एकच विचारते. तो येत नाही आता. दोन महिने झाले. एकदाही नाही. तुझ्याकडे... तुझ्याकडे येतो का?"

मामी खिडकीबाहेर बघत होती. तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"हो," ती म्हणाली. "माझ्याकडेच असतात. रोज."

पलीकडून फोन बंद झाला.

मी विचारलं, "मामी, खरंच येतो मामा?"

"नाही गं."

"मग तू..."

"तिला म्हणाले मी. म्हणू दे की मलाही एकदा तरी, माझ्याकडे येतात म्हणून."

ती उठून चहा ठेवायला गेली. मी तिथेच बसून राहिले, आणि मला उगाचच त्या खोलीत बसवेना. तिच्याकडे नाही. हिच्याकडे नाही. मग दोन महिने मामा आहे कुठे? आणि हे जे खोटं मामी आत्ता मोठ्याने बोलली, ते आणखी कुणी ऐकलं असेल का?

मामा गेल्यापासून मामी रात्री दार नुसतं लोटून झोपायची, तो आला तर अडू नये म्हणून. कुणी कितीही ओरडलं तरी ऐकायची नाही.

त्या फोननंतर ती आतून कडी घालते.

मी कारण विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.