पाच खुराक

ऊर्जानगरातील क्वार्टरच्या ओट्यावर, वीज गेलेल्या एका रात्री, उमाजींनी नातवंडांना ही हकिगत सांगितली. ती त्यांचा साडू हरिदास याची होती. आणि हरिदास खोटे बोलणारा माणूस नव्हता.

साल १९८५. आश्विन पौर्णिमेनंतरची पाचवी रात्र, नऊचा सुमार. चंद्र अजून उगवायचा होता. तालुक्याच्या दवाखान्यातून औषध घेऊन हरिदास सायकलने, जंगलातल्या वाटेने गावी परतत होता. घरी सहा वर्षांची लेक मनकर्णा तीन दिवस तापाने फणफणत होती. लाल औषधाच्या बाटलीवर कंपाउंडरने खुणांची कागदी पट्टी चिकटवून बजावले होते, "सहा खुराक आहेत, भाऊ. एकही चुकवाचा नाई. चुकला, तर ताप डोक्यात चढन. मंग मले सांगू नका."

लेण्यांपाशी चढ लागतो. खडकात कोरलेल्या, भिक्खूंच्या सात खोल्या; प्रत्येकीत एक दगडी ओटा, उशाशी किंचित उंच. शेकडो वर्षांत तिथे कोणी निजलेले नव्हते. हरिदास दर बुद्धपौर्णिमेला तिथे मेणबत्ती लावी; जागा त्याला परकी नव्हती. तो सायकलवरून उतरला, तसा डायनामोचा दिवा विझला.

वाटेच्या मधोमध एक भिक्खू उभे होते. मुंडण केलेले मस्तक. अंगावर भगवे चीवर. हातातले भिक्षापात्र... पुढे केलेले.

"आबाजी," नात गुणा मध्येच म्हणाली, "भंते तर दुपारनंतर जेवत नाईत. मंग रातच्याले पात्र काऊन?"

"मोठी आली भंतेची मास्तरीण! त्यानंही हेच इचारलं. आयक."

हरिदासने हात जोडले. "वंदन करतो, भंते. पन हे तुमच्या जेवाची वेळ नाई."

पात्र तसेच राहिले.

खोल्यांतून कोणीतरी कण्हले. मग दुसरे. मग... सगळेच.

तेव्हा त्याला विहारात ऐकलेला नियम आठवला. दुपारनंतर भिक्खूला अन्न चालत नाही.

औषध चालते.

त्याने बाटली छातीशी धरली. "हे नाई, भंते. माही पोरगी मरन."

पात्र हलले नाही. कण्हण्यात एक आवाज बारीक होता... लहान श्रामणेराचा, शिकाऊ भिक्खूचा. मनकर्णाएवढ्या लेकराचा.

हरिदासने बूच काढले. एक खूण. फक्त एक.

पात्रात पडल्याचा आवाज झाला नाही.

तो पळाला. मागे पाहिले नाही.

दोन दिवसांत पाच खुराक संपले. सहाव्याच्या वेळी रुखमाने बाटली उलटी धरली आणि नवऱ्याकडे पाहिले. दोघे रात्रभर पोरीच्या कपाळावर हात ठेवून बसले...

ताप चढला नाही. उजाडताना मनकर्णाने पेज मागितली.

त्याच दिवशी, बारा वाजायच्या आत, हरिदास भाताचा डबा घेऊन लेण्यांत गेला. कोणी नव्हते. ओट्यांवर दाट धूळ होती. तिच्यात ना पाऊल, ना बोट.

मात्र सातही ओट्यांच्या उशाशी लाल औषधाचा एकेक थेंब होता.

ओला.