जायची तारीख

"तुम्ही काल यायला हवं होतं!"

फाटकाला हात लावायच्या आधीच हे वाक्य अंगावर आलं, आणि पाठीवर भली मोठी सॅक घेतलेला तो मुलगा जागच्या जागी थांबला. आत क्रांती उभी. कमरेवर हात, नाकावर राग, आणि केसांत सकाळीच माळलेला सोनचाफा.

"काल मी विमानात होतो," तो म्हणाला.

"मग बुकिंग कालचं कशाला केलंत? घावणे केले, कोलंबीचं कालवण केलं, दहापर्यंत वाट पाहिली. शेवटी सगळं मोत्याने खाल्लं."

"मोत्या म्हणजे… तुमचा भाऊ?"

"कुत्रा!"

तो हसला. हसताना त्याच्या उजव्या गालावर एवढीशी खळी पडली. क्रांतीने ती अजिबात पाहिली नाही… असं तिने स्वतःला सांगितलं.

चक्रीवादळाने मोडलेलं दिवेआगरचं घर तिच्या बाबांनी, रावजींनी, पुन्हा उभं केलं होतं आणि सुपारीच्या वाडीकडे तोंड करून पाहुण्यांसाठी तीन खोल्या काढल्या होत्या. त्यांची वेबसाइट मात्र क्रांतीची. आयटीची पदवी हातात पडल्या पडल्या तिने ती एकटीने बनवली होती. त्यामुळे साइट चुकली असं कुणी म्हटलं, की तिला स्वतःलाच चिमटा काढल्यासारखं व्हायचं.

हा अल्पेश. उरणचा. दोन वर्षांसाठी सिडनीच्या बंदरात कंटेनरच्या क्रेनवर कामाला गेलेला, आणि आता सुट्टीत चार दिवस नुसतं झोपायला आलेला. त्याने फोन पुढे केला. त्यावर स्वच्छ लिहिलं होतं, बारा मे. तिच्या यादीत मात्र अकरा!

पडवीत लॅपटॉप उघडला गेला. एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला तो, आणि मध्ये कोकम सरबताचे दोन पेले.

"तुमच्या साइटवर दिवस किती वाजता सुरू होतो?" त्याने विचारलं.

"रात्री बाराला. सगळ्यांचा तेव्हाच होतो."

"तुमच्या बाराला की माझ्या बाराला?"

क्रांतीने बोटांवर तास मोजले. सिडनीत रात्रीचे बारा वाजतात, तेव्हा दिवेआगरात आदल्या संध्याकाळचे साडेसातच झालेले असतात! त्याचा बारा मे तिच्याकडे अकरा मेच्या संध्याकाळी येऊन पडला होता.

"म्हणजे चूक माझीच," ती पुटपुटली.

"अर्धी माझी. एवढ्या लांबून कोण बुक करतं?"

मग तिने सिडनीच्या बुकिंगांत साडेचार तास मिळवून टाकले. तारीख जागेवर! दोघांनी टाळी दिली… आणि टाळी दिलेले हात लागलीच बाजूला झाले नाहीत.

चार दिवसांचे आठ झाले. झोप तर कुणालाच आठवली नाही.

निघायच्या दिवशी ती त्याला स्कूटीवरून दिघीला सोडायला गेली. फेरीबोट लागलेली होती.

"दिवाळीनंतर येईन," तो म्हणाला. "पण कधी ते फोनवर विचारायचं नाही, मीही सांगणार नाही. तुझ्याच साइटवर बुक करीन. दोन खोल्या आल्या तर समज… आई-बाबांना घेऊन येतोय."

"आणि एकच आली तर?"

"तर मला फक्त झोप हवीय."

"चल निघ, बोट सुटेल!" असं म्हणून तिने तोंड फिरवलं. गाल केवढे तापले होते!

ऑगस्टमध्ये बुकिंग आलं. दोन खोल्या. तेरा नोव्हेंबर. यायची तारीख तेवढी होती, जायचा रकाना रिकामा. क्रांतीने वाडीला तीन फेऱ्या मारल्या, आणि रावजींनी काही न विचारता भिंतीवरच्या कॅलेंडरात तेरावर पेन्सिलीने गोल काढला.

तेरा नोव्हेंबरला अंगणात रांगोळी, चुलीवर कालवण, दारात रावजींची बहीण, ठमीआत्या. दुपार झाली. चार वाजले. सहा वाजले. त्याला केलेल्या मेसेजवर सकाळपासून एकच टिक.

"काय गं, तुजा सायेब वाट इसरला वाटतं," ठमीआत्या म्हणाली. "परदेशातली पोरं अशीच. तरी मी रावजीला सांगत व्हते."

क्रांती तडक आत वळली. खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. त्याने मन बदललं… नुसतं कळवायचं तरी! डोळे पुसत तिने लॅपटॉप उघडला. ते बुकिंगच पुसून टाकणार होती. बोट बटणावर नेलं, आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलेली वेळ दिसली.

तेरा नोव्हेंबर, रात्री अकरा.

अकरा? साडेचार तास मिळवल्यापासून सिडनीचं प्रत्येक बुकिंग बरोबर बारावर यायचं. एक तास कमी कसा?

तिने भराभर शोधलं, आणि पुढच्याच मिनिटाला ती अशी किंचाळली की मोत्या भुंकत आला. सिडनीत ऑक्टोबरात घड्याळं एक तास पुढे करतात! तिकडचा उन्हाळा सुरू होतो ना तेव्हा! साडेचार नव्हे, साडेपाच तास मिळवायला हवे होते. त्या एका तासापायी त्याची चौदा तारीख मध्यरात्रीच्या अलीकडेच अडकून पडली होती.

"बाबा! तो उद्या येणार आहे! आज विमानात आहे तो, विमानात!"

भिंतीपाशी रावजी खोडरबर घेऊन उभे होते. त्यांनी तेराचा गोल पुसला, चौदावर काढला आणि म्हणाले, "तारखेला घड्याळ बांधलंस कशाला पोरी? माज्या भिंतीवर बघ. चौदा म्हंजे चौदा. हितं वाजायला काय न्हाय."

क्रांतीने कपाळावर हात मारला. मग खाली बसली आणि साइटमधले ते सगळे तास काढूनच टाकले. उरली नुसती तारीख. सिडनीहून निवडा नाहीतर उरणहून, चौदा म्हणजे चौदा. छातीवरचा दगड उतरला, आणि सकाळपासून न जेवलेल्या तिने उभ्या उभ्या तीन घावणे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दिघीच्या धक्क्यावर फेरीबोट लागली. आधी स्कूटर उतरल्या, मग गाड्या, मग हिरव्या साडीतली एक बाई, टोपी सावरणारे एक काका… आणि त्यांच्यामागे ती खळी.

"तुम्ही काल यायला हवं होतं," क्रांती म्हणाली.

"काल मी विमानात होतो."

"माहितीये मला."

"हीच का रं ती?" हिरव्या साडीतल्या सगुणाकाकूंनी, म्हणजे त्याच्या आईने, विचारलं. "तारीख चुकवनारी?"

"आणि दुरुस्त करणारीपण," अल्पेश म्हणाला. मग आई-बाबा पुढे गेल्यावर हळूच, "क्रांती… माझं तिथलं काम संपलं. पुढच्या महिन्यापासून उरणच्याच बंदरात."

"खरंच?"

"खरंच. म्हणून तर जायची तारीख टाकलीच नाही मी. तुझी साइट रोज मेल पाठवून विचारते, 'आपण कधी जाणार?' तेवढं बंद कर ना."

तिने नुसती मान डोलावली. त्याच्या हातातली आईची पिशवी घेतली, आणि दुसऱ्या हाताने त्याचा हात.