फासात सापडलेले पाचवे बोट

रांधण्याआधी केस जाळल्यानंतर वटवाघूळ आणि रानउंदीर सारखेच काळे पडतात. दोन्हींचे ओठ मागे सरतात, दात उघडे होतात. तरी ओळखणे अवघड नसते. पंखांचा पडदा जळाला, तरी वटवाघळाची पाच बोटे उरतात आणि त्याला शेपटी नसते. उंदराच्या पुढच्या पंजाला बोटे चारच, अंगठ्याच्या जागी नुसता उंचवटा. त्याच्या शेपटीचे पांढरे टोक आम्ही जळू देत नाही. जनावर रानातले आहे, घरातले नव्हे, याची ती खूण.

निवृत्त होईपर्यंत मी तंत्रनिकेतनात मोजमाप शिकवले. अशा फरकांवर माझा विश्वास होता.

आमचा मुलगा हेंगकी हा लोकोन नावाच्या ज्वालामुखी डोंगरावर फास लावायला गेला, तो परतला नव्हता. त्या दुपारीही शोधणारी माणसे रिकामीच उतरली. शेजारच्या योपीने फासात अडकलेल्या जनावरांचे पोते माझ्या चुलीशी ठेवले.

"मास्तर, फास सापडले, तो नाही. एखाद्या विधवेकडे जेवत बसला असेल बघा, आणि आम्ही इथं गुडघ्यांची वाट लावतोय."

कोणी हसले नाही. योपीने मान खाली घातली.

"उद्या जायचं का, तुम्ही सांगा. पोरं दमलीत."

"जायचं," माझी पत्नी नोन्चे आतून म्हणाली. "सापडेपर्यंत जायचं."

हरवलेल्या माणसाच्या फासातले त्याच्याच घरी भाजायचे, अशी आमची रीत. मी बांबू पेटवला. जळत्या केसांच्या वासात डोंगरावरचा गंधकाचा वास मिसळला. पाठ दुखत होती. वटवाघळे डावीकडे, उंदीर उजवीकडे. नोन्चे नारळाचे दूध पिळत होती.

शेवटचे मी उजवीकडे टाकले. शेपटीचे टोक पांढरे होते.

मग पंजा दिसला. पाच बोटे.

पुन्हा मोजली. चिमट्याने दंड ताणला. पडद्याचा मागमूस नव्हता. बोटे आखूड होती, नखे माणसासारखी चपटी.

"कुठल्या भांड्यात घालू?" नोन्चेने विचारले.

"कुठल्याच नाही. पुरून टाकतो."

ती वाकली. बराच वेळ पाहत राहिली. मग तिने ते उचलून छातीशी धरले.

"अगं, हात भाजेल! आत्ताच आगीतून काढलंय."

"गार आहे," ती म्हणाली.

मी स्पर्श केला. गार होते.

योपी कोयता धुऊन आला. "मग मास्तर, उद्या?"

"नको रे," नोन्चेच म्हणाली. "आता कुणी जायला नको."

तिने ते शालीत गुंडाळले आणि ती आत निघाली. शालीबाहेर राहिलेला तो काळा हात तिच्या करंगळीभोवती मिटलेला होता.