दुपारी चारचा व्हॉल्व्ह

पटत नसेल तर सोडून द्या. पण माझे थोरले मामा खोटं बोलायला लागले की आधी त्यांचेच कान लाल होतात. ही हकिगत त्यांनी मला तीनदा सांगितली. तिन्ही वेळा कान होते तसेच.

आणि वेळ रात्रीची नव्हती. एप्रिलमधला शनिवार. दुपारचे चार वाजायला दहा मिनिटं कमी. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं.

मामा व्हॉल्व्हचे मिस्त्री. वाफेच्या इंजिनांचे व्हॉल्व्ह बनवायचे, दुरुस्त करायचे. हौशी लोकांच्या टेबलावरच्या इवल्याशा इंजिनांपासून ते कारखान्यातल्या अवाढव्य धुडांपर्यंत. चौतीस वर्षं हेच. गुडघे गेलेले, डोळे शिणलेले. मामी म्हणायची, "इंजिनांचं सोडा, तुमच्यातलीच वाफ संपलीय. बसा आता घरी."

त्या दुपारी ते एका मित्राच्या बायकोकडे गेले होते. मित्र आता नव्हता. कपडे धुण्याच्या एका मोठ्या कारखान्यात तो बॉयलर सांभाळायचा. नऊ वर्षांपूर्वी तिथेच वाफेने भाजून गेला. मागे राहिलं ते त्याने स्वतःच्या हातांनी घडवलेलं छोटं इंजिन. तांब्याचा बॉयलर, जेमतेम विटेएवढा.

"भाऊजी, मला वेडी म्हणाल," वहिनी म्हणाल्या, "पण हे रोज चार वाजता वाजतं."

"वाजतं म्हणजे?"

"ऐकाच तुम्ही."

मामांनी इंजिन हलवून पाहिलं. आत पाण्याचा थेंब नाही. खालच्या दिव्याच्या वातीवर धूळ.

त्यांनी वरचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढला. वाफ प्रमाणाबाहेर गेली की याची दांडी उचलली जाते आणि वाफ बाहेर पडते. इथे तो करंगळीच्या पेराएवढा. काढून त्यांनी वर्तमानपत्रावर ठेवला.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले.

टक...

मामांना वाटलं, भास.

टक... टक...

व्हॉल्व्ह कागदावर सुटा पडलेला. कोणाचा हात नाही, खाली बॉयलर नाही. आणि त्याची दांडी उचलली जात होती... मध्येच अडकत होती... परत खाली बसत होती. जणू खालून कोणी जिवाच्या आकांताने ढकलतंय आणि तिला पुरतं वर जाताच येत नाहीये.

मग कागद ओला व्हायला लागला.

मामांनी बोट लावलं आणि झटक्यात मागे घेतलं. चांगलाच चटका बसला होता.

आणि वास आला... साबणाचा. उकळत्या पाण्यातल्या चादरींचा.

तो वास मामांना ओळखीचा होता. कारण अपघाताच्या आदल्या दिवशी त्या कारखान्यातला सेफ्टी व्हॉल्व्ह मामांनीच तपासला होता. सुट्टीशिवायचा अठरावा दिवस. दांडीवर क्षारांचा थर बसलेला. ती पूर्ण काढून, घासून, हाताने सहज खालीवर होते का ते बघायचं असतं. मामांनी हातोडीने दोन टिचक्या मारल्या. दांडी हलली.

"चालतंय," म्हणाले, आणि घरी जाऊन झोपले.

दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता ती दांडी अडकली.

चौकशीत ठपका मेलेल्या माणसावर आला. ड्यूटीवर डोळा लागला असावा, असं लिहिलं गेलं. मामांनी तोंड उघडलं नाही.

"वहिनी..." मामांनी विचारलं. "हे कधीपासून चाललंय?"

"मागच्या महिन्यापासून. बावीस तारखेला पहिल्यांदा वाजलं. माझी बहीण होती ना तेव्हा, तिनेही ऐकलं."

नऊ वर्षं काही नाही. मग बावीसलाच का?

मामांना आठवलं.

बावीसला ते बागेतल्या आगगाडीवर काम करत होते. जुनं, खरंखुरं वाफेचं इंजिन. दुरुस्तीनंतर उद्या, रविवारी, ते माणसं भरून तळ्याभोवती फिरणार होतं. त्या दिवशी मामांच्या अंगात ताप होता. व्हॉल्व्हची दांडी जराशी जड वाटली होती...

आणि ते म्हणाले होते, "चालतंय."

गुडघ्यांची पर्वा न करता मामा धावत सुटले. बागेतल्या शेडमध्ये पोचले तर इंजिन धगधगत होतं. ड्रायव्हर उद्याच्या तयारीला लागला होता.

"या मिस्त्री! जरा दाब चढवून बघतोय."

मामांनी काट्याकडे पाहिलं. काटा लाल रेषेच्या पुढे.

व्हॉल्व्ह गप्प.

"आग काढ! आधी आग काढ!"

"अहो, रेष ओलांडली खरी," ड्रायव्हर म्हणाला, "पण व्हॉल्व्ह तुमच्या हातचा आहे. उघडेलच की."

मामांनी स्वतः फावडं घेतलं. दोघांनी मिळून निखारे बाहेर ओढले. काटा खाली यायला अर्धा तास लागला. इंजिन निवल्यावर व्हॉल्व्ह खोलला, तर दांडी दोघांच्याही जोराने हलेना. शेवटी मामांनी नवी दांडी घडवली. तेव्हा कुठे ते घरी गेले.

रविवारी सकाळी ते वहिनींकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं.

वहिनी म्हणाल्या, "नऊ वर्षं मी ऐकून घेतेय, माझा माणूस कामावर झोपला म्हणून. आणि तुम्ही इथे बसून माझ्या हातचा चहा प्यायलात, भाऊजी."

वहिनींनी कागद आणि पेन त्यांच्यासमोर ठेवलं.

"लिहून द्या," वहिनी म्हणाल्या. "आत्ता. माझ्यासमोर."

मामांनी लिहून दिलं. सोमवारी सरकारी कचेरीत स्वतः नेऊन दिलं. मित्रावरचा ठपका पुसला गेला. मामांचं लायसन्स गेलं. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. वाटलं, सुटलो. आता तरी हे थांबेल.

लायसन्स गेलं त्याच दिवशी चार वाजता वहिनींचा फोन आला.

"भाऊजी... वाजला."

त्या रात्री मामांनी जुन्या वह्या काढल्या. चौतीस वर्षांतले व्हॉल्व्ह. शेकडो. त्यांतल्या कितींना थकून 'चालतंय' म्हटलं होतं, कसं आठवणार?

तेव्हापासून मामा रोज सकाळी पिशवी घेऊन निघतात. एकेक पत्ता शोधतात. लोकांच्या हातापाया पडून जुने व्हॉल्व्ह खोलायला लावतात, दांडी बोटांनी खालीवर करून बघतात. आजवर दोन अडकलेल्या सापडल्या.

गेल्या आठवड्यात मी त्यांच्याकडे होते. मामा बाहेरून नुकतेच येऊन पलंगावर आडवे झाले होते. फोन आला. मी घड्याळाकडे बघायचं टाळलं.

मामांनी ऐकलं, फोन ठेवला. थोडा वेळ पाय चोळत बसले. मग वाकून परत बूट घालायला लागले.