गढूळ आभाळ

“माझं आभाळ नासलं,” म्हणत कस्तुराने चित्राचा कागद भुजंगापुढे धरला.

दिवाळीची सुट्टी होती. वालूरजवळच्या तलावाच्या पाळूखाली, मातीच्या बांधाच्या पायथ्याशी बसून ती रोज चित्र काढायची आणि तिच्या वर्गातला, मेंढपाळाचा भुजंग शेजारी बसून खोड्या काढायचा. जे हलत नाही ते शाईने, जे हलतं ते पाण्याच्या रंगाने, असा तिचा नेम. म्हणून पाळ काळ्या शाईत, अन् आभाळ निळ्या रंगात.

“कुंचलाच घाण हाय तुझा,” भुजंग म्हणाला.

“धुतलाय की. कालचं बघ. पाणी त्याच झऱ्याचं, रंग तोच.”

कालचं आभाळ मोराच्या गळ्यासारखं होतं. आजच्यावर तांबूस डाग वाळला होता. तिने बोट फिरवलं तर माती लागली.

पाळूच्या पायातून पाझरणारा तो झरा काल काचेसारखा होता. आज पाणी तांबडं, पाळूवरच्या मुरमासारखं, आणि धार मनगटाएवढी.

“भुजंग, पाणी आतून पाळ खायलंय.”

पाळूसमोरच ओढ्याकाठी भुजंगाचा मेंढवाडा होता; दोघं तिकडे धावली. आई म्हाळसाबाई भाकरी थापत होती. झोळीत धाकटी बहीण निजली होती. बाजेवर त्याचे आबा, म्हणजे वडील सटवाजी, आणि तलावाची देखरेख करणारे व्यंकटराव चहा पीत होते.

कस्तुराने तांबड्या पाण्याचं सांगून चित्र दाखवलं. व्यंकटराव हसले. “पाळ लय मजबूत हाय. सकाळीच वरून चक्कर मारली मी.”

“खाली उतरला होता का, काका?”

“खाली काय बघायचं? पाणी वरल्या अंगाला हाय.”

“सायबापरीस तुमाला जास्त कळतंय का?” सटवाजी म्हणाला. “जा, खेळा.”

मागून, पाळूच्या आतून, घोट गिळल्यासारखा आवाज आला.

“आबा माझं ऐकत न्हाई,” भुजंग कुजबुजला. “मेंढरामागं मात्र पळतो.”

त्याने वाड्याच्या तोंडाचं काटेरी झाप बाजूला ओढलं आणि घुंगरवाल्या शेळीचा कान धरून टेकाडाकडे धूम ठोकली. शेळीमागे मेंढरं उधळली. व्यंकटरावांचा चहा लवंडला. कस्तुराने झोळीतलं लेकरू उचललं आणि तीही पळाली.

“अगं माझी लेक!” म्हाळसाबाई धावली. काठी उगारत सटवाजी, मागून शिव्या देत व्यंकटराव.

टेकाडावर सटवाजीने भुजंगाची गचांडी धरली. “मस्ती आली व्हय रं...”

पायाखालची जमीन गुरगुरली. भिजल्या कागदासारखी पाळ मधोमध खचली. तांबडा लोंढा आला. बाज, चूल, वाडा गिळून पुढच्या ओसाड माळावर पसरला.

लेकरू तेवढं रडत होतं.

सटवाजीची मूठ सैल झाली. त्याने भुजंगाला छातीशी ओढलं. व्यंकटराव टोपी काढून खालीच बसले.

“पोरी, मी उतराया पाहिजे होतं,” ते म्हणाले. “डोळे तुझे. आमची नुसती बुबुळं.”

म्हाळसाबाईने लेकीला पोटाशी धरलं, कस्तुराच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली. मग कस्तुराच्या मुठीतला चुरगळलेला कागद उलगडून पाहिला.

“झाड हाय, पाळ हाय. ह्याच्यात आमी कुठं हाव?”

कस्तुराने पाहिलं. माणूस एकही नव्हता.

“बसा, मावशी,” ती म्हणाली. “आता काढते.”