एकेचाळिसावा परिच्छेद

कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो, तेव्हापासून निजामपुऱ्यातल्या घरी बसून मी निकालांचे गोषवारे लिहितो. शेजारच्या देशांमध्ये पळालेले आरोपी एकमेकांच्या ताब्यात देण्याचे खटले चालतात. तिथले निकाल आमची संस्था गोळा करते आणि सगळ्यांच्या न्यायालयांना पाठवते. साठ-साठ पानं कोण वाचणार? न्यायाधीश गोषवारा वाचतात. आणि मी, खरं सांगायचं तर, नुसतं शेवटचं पान वाचायचो.

नेपाळच्या एका निकालात कोर्टाने एका माणसाला परत पाठवायला नकार दिला होता. मी लिहिलं, ‘तांत्रिक कारणास्तव नामंजूर.’ पुढे तो दुसऱ्या देशात पकडला गेला. तिथल्या कोर्टाने माझा गोषवारा पाहिला आणि त्याला धाडून दिलं. अकराव्या दिवशी तो कोठडीत मेला.

मग मी निकाल पूर्ण वाचला. एकेचाळिसाव्या परिच्छेदात त्याचा जबाब होता. ‘तुम्ही ज्याला शोधता, त्याच्या डाव्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग आहे. तो मी नाही. माझं मनगट बघा.’ कोर्टाने पाहिलं होतं. डाग नव्हता.

संस्थेत काम करणाऱ्या पूर्वी नावाच्या गुजराती मुलीचा फोन आला. “काका, तमे आखुं वांचेलुं ने? काही राहिलं असेल तर दुरुस्ती पाठवा. त्याच्या नावापुढचं ‘फरारी’ तरी निघेल. त्याची आई सारखी पत्रं लिहिते.”

“पूर्ण वाचलं होतं,” मी म्हणालो. फोन ठेवल्यावर स्वतःची इतकी लाज वाटली, की आरशासमोरून जाववेना.

पुढच्या आठवड्यात श्रीलंकेचा निकाल आला, एका बाईचा. एकेचाळिसाव्या परिच्छेदात तीच वाक्यं. मग भूतानचा आला. तो अवघ्या तीस परिच्छेदांचा. तिसाव्याखाली एकेचाळिसावा होता.

तो मी पूर्वीला दाखवला. “त्रीस पर पूरुं थाय छे, काका,” ती म्हणाली. मग तिने विचारलं, “तबियत सारी छे ने?”

काल दुपारी नवा निकाल उघडला. एकेचाळिसाव्या परिच्छेदातलं शेवटचं वाक्य बदललं होतं.

‘त्याचं मनगट बघा.’

मी डाव्या मनगटावरचं घड्याळ काढलं.

माझी मुलगी उत्कर्षा चहा घेऊन आली. मी हात पुढे केला. “हे कधी भाजलं गं मला?”

“असं काय करता, बाबा? मी लहान होते तेव्हापासून आहे.”

आज दुरुस्ती लिहायला बसलो आहे. परिच्छेद जसाच्या तसा उतरवायचा आहे. पहिलं वाक्य झालं.

‘तो मी नाही’पाशी हात थांबतो.